मोरभटाच्या पोटातली दाटी

खाडीकाठच्या एका गावात मोरभट नावाचा माणूस राहत असे. श्राद्धाच्या दिवशी पितरांच्या जागी बसून जेवणं हे त्याचं काम. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते यजमान रांधायचा, मोरभट ते मुकाट्याने खायचा, आणि ते त्या जिवाला पोचलं असं सगळे मानायचे. एक घास कावळ्यासाठी अंगणात ठेवत. कावळ्याने तो उचलला की घरातल्यांचा जीव भांड्यात पडायचा.

मोरभटाच्या वडिलांनी त्याला एक गोष्ट बजावून ठेवली होती. पितरांच्या पानावर नको म्हणायचं नाही, नाहीतर तो जीव उपाशी परत जातो. मोरभटाने हे फारच मनावर घेतलं. कोणाला कडवे वाल आवडायचे, कोणाला फणसाच्या आठळ्या, कोणाला उडदाचे वडे. तो सगळ्यांचं सगळं खाई. खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचंही. पुण्य मिळतंय आणि वर वडेही मिळताहेत, असं काम कोणाला नको असेल!

पण एका वर्षी त्याचं पोट फुगायला लागलं. धोतराची गाठ बसेना. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून तो भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायचा. पोटात सारखी गुडगुड चालायची. ती ऐकून त्याची बायको सगुणा स्वयंपाकघरातून बाहेर यायची आणि विचारायची, "कोण आलंय?" पलीकडच्या खोलीत चार माणसं हळू आवाजात बोलत असावीत, तशी ती गुडगुड होती.

मग कावळेही बिघडले. मोरभट जेवायला बसला की ते कुंपणावर ओळीने येऊन बसायचे. घासाला शिवायचे नाहीत, ओरडायचेही नाहीत. माना वाकड्या करून दारातून आत बघत राहायचे, थेट मोरभटाच्या पोटाकडे. गावात कुजबुज सुरू झाली.

एकदा गावातल्या, दम्याने गेलेल्या ठकूकाकूंच्या श्राद्धाला आठळ्यांची भाजी चेपून मोरभट घरी निघाला. भर दुपार होती. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. खाडीचं पाणीसुद्धा हलत नव्हतं. चालता चालता त्याला श्वास पुरेना, पाऊल उचलेना. तो पिंपळाच्या पारावर कसाबसा टेकला. आज आपण मरतो, असं त्याला वाटलं. तेवढ्यात आतून आवाज आला.

"मोरभटा, जरा सरकायला जागा दे रे बाबा. इथे फार दाटी झाली."

आवाज ठकूकाकूंचाच होता, त्यांच्या दम्याच्या धापेसकट.

"काकू, तुम्ही कुठे आहात?"

"तुझ्या पोटात. आम्ही सगळेच आहोत. जिरतं तेवढंच आम्हाला पोचतं रे. तू नुसतं भरतोस. अन्न आंबून पडलंय आणि आम्ही त्याच्याभोवती उपाशी बसलोय."

मोरभटाला दरदरून घाम फुटला. तो धडपडत घरी आला आणि त्याने सगुणेला सगळं सांगितलं. ती हसली नाही.

"मला रोज ऐकू येतात ती माणसं," ती म्हणाली. "आता जिरेल तेच खात जा. त्यांना सोडवा, नि तुम्हीही सुटा."

त्या दिवसापासून तिने चुलीवरचा बेत बदलला. घरी मुगाचं कढण, मऊ भात, दुधीची भाजी, जिरं घातलेलं पातळ ताक. जेवण झालं की चिमूटभर ओवा. यजमानाकडे मोरभट वाल नि आठळ्या नुसत्या जिभेला लावायचा. घास सावकाश चावायचा आणि भूक थोडी शिल्लक असतानाच उठायचा. उठल्यावर खाडीपर्यंत चालून यायचा. सुरुवातीला वड्यांच्या वासाने त्याचा जीव कासावीस व्हायचा. पण पोट हळूहळू मऊ पडलं. आतले आवाज एकेक करून निघून गेले. ठकूकाकू तर "येते रे" असं सांगून गेल्या.

एक आवाज मात्र हटेना. तो एकच शब्द बोलायचा. "अजून."

पितृपंधरवड्यात भिकाजी खोताकडे त्याच्या वडिलांचं श्राद्ध होतं. म्हाताऱ्या खोताला उडदाचे वडे जिवापाड आवडायचे. भिकाजी गावातला सगळ्यात तापट माणूस. तो स्वतः परात घेऊन वाढायला उभा राहिला. मोरभटाने एक वडा चावून चावून खाल्ला. भिकाजीने परात पुन्हा पुढे केली.

"अजून," आतून आवाज आला. वाढायला जागा द्यायला मोरभटाचा हात आपोआप पानावरून बाजूला झाला. कुंपणावरचे कावळे एकदम पुढे वाकले.

हा म्हातारा खोतच मागतोय की काय, म्हणून मोरभटाने नीट कान दिला. म्हातारा खोत घोगरा बोलायचा. हा आवाज घोगरा नव्हता. हा आवाज तो रोज मंत्र म्हणताना ऐकत होता. तो त्याचा स्वतःचाच होता. मोरभटाच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्याने दोन्ही हात पानावर आडवे धरले.

"माझ्या बापाला उपाशी ठेवता होय?" भिकाजी ओरडला.

मोरभट गप्प राहिला, कारण त्या पानावर बोलायचं नसतं. आता कावळा शिवला नाही तर हा खोत आपल्याला गावात राहू देणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने पानावरचे हात उचलले नाहीत.

अंगणात पंख वाजले. एक कावळा खाली उतरला, घास उचलून उडून गेला. मागोमाग दुसरा आला. भिकाजीने परात खाली ठेवली आणि डोळे पुसले.

पुढे मोरभटाचं पोट पुन्हा फुगलं नाही. पण जेवण संपत आलं की आतून कोणीतरी "अजून" म्हणायचंच. सगुणाही दचकून वर बघायची.

"कोण आलंय?"

"मीच आहे," मोरभट म्हणायचा आणि पानावर हात आडवा धरायचा.

तात्पर्य: भूक भागल्यावरही जी मागत राहते ती हाव. अन्न खाल्ल्याने नव्हे, पचल्याने अंगी लागतं, म्हणून पोटाला सोसेल तेच आणि सोसेल तेवढंच खावं.