नळीच्या पोटातलं भांडण

अवजारं अजून आपसांत बोलत होती त्या काळी, एका कारखान्यात दूध वाहून नेणारी, चुंबक न चिकटणाऱ्या पोलादाची एक वाकडी नळी आली. बाहेरून ती चकचकीत होती, पण आतून खडबडीत. त्या खडबडीत पोटात दूध अडकायचं आणि नासायचं. आज गुळगुळीत झाली नाही, तर ती भंगारात जाणार होती.

वळणामुळे कानस आत शिरेना. मग लोहचुंबक म्हणाला, "मी बाहेरून फिरतो. लोखंडाच्या किसा, कुरुंदाच्या, त्या कठीण धारदार दगडाच्या, पुडीला सोबत घेऊन तू आतून घास."

"या गंजक्यांना चिकटून मी जाऊ?" कुरुंदाची पूड फणकारली. "धार माझी आहे. मी एकटी जाईन."

"जा की मग!" कीस संतापला.

पूड एकटीच आत गेली. पण ती लोखंडाची नसल्यामुळे चुंबक तिला ओढू शकत नव्हता. तो बाहेर फिरत राहिला आणि ती तळाशी तशीच पडून राहिली.

"तुझ्या तोऱ्यापायी मी भंगारात जाऊ काय गं?" नळी कडाडली.

कीस आत उतरला आणि पूड निमूटपणे त्याच्यात मिसळली. चुंबक फिरू लागला, तसा कीस तिला कवटाळून भिंती घासत सगळ्या वळणांतून गेला. नळी आतून आरशासारखी झाली.

"जमलं की आपलं!" पूड हसत म्हणाली.

कीस हसला नाही. "काम नळीसाठी केलं. तू आम्हाला गंजके म्हणालीस, त्याचा राग अजून तसाच आहे."

पूड अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "चुकलं माझं."