शंभर नानासाहेब

हिवरगावात तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष निवडायचा होता. गावातले निम्मे तंटे नानासाहेब धुमाळांनीच शेजाऱ्यांचे बांध कोरून लावलेले, आणि आता निवाडा करायलाही त्यांनाच बसायचं होतं. म्हणून सरपंच असलेल्या भाच्याला सांगून त्यांनी ग्रामसभा मुद्दाम बाजाराच्या दिवशी ठेवली. गाव तालुक्याला गेलं आणि सभेला जेमतेम दहाबारा डोकी जमली.

ग्रामसेवक चाचरत म्हणाले, "नानासाहेब, शंभर मतदार हजर नसतील तर निवड कायद्यात बसत नाही."

नानासाहेबांनी मिशीवर हात फिरवला. "मी एकटा शंभरांना भारी आहे. लिहा, शंभर हजर!"

भाच्याने टाळ्या वाजवल्या. ग्रामसेवकांनी घाबरून पेन उघडलं. तेवढ्यात गिरजाबाई ठोंबरे उठल्या. त्यांचा बांध यंदाच नानासाहेबांच्या शेतात गेला होता.

"लिहा भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "नानासाहेब शंभर आहेत, मला मान्य आहे. पण खुर्ची तर एकच. त्यातले कोणते नानासाहेब उभे आहेत?"

"कोणते म्हणजे? हाच, मी!"

"मग मागच्या नव्व्याण्णवांनाही विचारा की! ते नाही म्हणाले आणि आपसात जुंपली, तर तो तंटा सोडवायचा कुणी?"

नानासाहेबांनी खरोखरच मागे वळून पाहिलं. मग काय, ग्रामसेवकसुद्धा पोट धरून हसले आणि हसतहसतच त्यांनी सभा तहकूब केली.

पुढच्या सभेला अख्खं गाव लोटलं आणि गिरजाबाई अध्यक्ष झाल्या. नानासाहेब मात्र फिरकले नाहीत, शंभरांतले एकसुद्धा!