दहा हातांचा वाटा

कोण्या एका काळी, कोण्या एका गावाच्या मागच्या अंगाला एक टेकाड होते. टेकाडावर चार घरे होती. सगळ्यांत वर माळी, त्याच्या खाली तेलीण, तिच्या खाली कुंभार आणि अगदी पायथ्याला, हमरस्त्याला लागून, विणकर. चौघांच्या जागांमधून एक वाट खाली उतरत होती. ती गावाची नव्हती, राजाचीही नव्हती, या चौघांचीच होती. त्यामुळे तिच्या डागडुजीला कोणी सरकारी माणूस येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि आला असता तरी मापे घेऊन, चहापाणी करून गेला असता.

वाटेची दशा फार वाईट होती. कुंभाराची दहा मडकी घरून निघाली की बाजारात आठ पोचायची. तेलिणीच्या डोक्यावरचा बुधला हिंदकळून अर्धी वाट तेलकट झाली होती, आणि त्याच तेलावरून माळी दोनदा पालथा पडला होता. शेवटी पावसाळा सरल्यावर तिघांनी मिळून एका पाथरवटाला बोलावले.

पाथरवटाने वाट वरपासून खालपर्यंत चालून पाहिली. तो म्हणाला, "दोनशे हात वाट आहे. पक्की फरसबंदी करून देतो, तुमची नातवंडं नाव काढतील. दर घरामागे तीन पायल्या जोंधळे द्या आणि आठ दिवस एक माणूस कामाला लावा."

तिघांनी माना डोलावल्या आणि ते विणकराकडे गेले.

विणकर माणूस वाईट नव्हता. कामात सरळ होता आणि मोजमापात जरा जास्तच सरळ होता. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, या मापाने तो सगळे जग मोजायचा. पाथरवटाचे म्हणणे ऐकताच तो मागावरून उठला, ओणवा झाला आणि आपल्या उंबऱ्यापासून हमरस्त्यापर्यंत हाताने मोजत गेला. बरोबर दहा हात भरले.

"मला लागते एवढीच वाट," तो कंबर सरळ करत म्हणाला. "दोनशेतले दहा, म्हणजे विसावा भाग. पसाभर जोंधळे देईन आणि एक सकाळ कामाला येईन. हा माझा वाटा."

कुंभार म्हणाला, "अरे, पण वाट एकच आहे ना?"

"एक कशी? वरच्या एकशे नव्वद हातांवर बारा वर्षांत मी पाऊल ठेवलेलं नाही. माझं गिऱ्हाईक रस्त्यावरून येतं आणि रस्त्यावरून जातं."

तेलीण मोठी फटकळ बाई. ती म्हणाली, "मग तुझ्या दिव्यात माझं तेल जळतं, तेव्हा उजेडही विसावाच भाग घेतोस वाटतं?"

विणकराला हे झोंबले. रागाच्या भरात तो बोलून गेला, "मला वाटही नको आणि वाटाही नको. माझ्या दारावरून जाऊ नका म्हणजे झालं."

माळी काहीतरी बोलणार होता, पण बोलला नाही. फरसबंदी राहिली आणि तिघेही परत गेले. दुसऱ्या दिवसापासून ते टेकाडाच्या मागून, माळ्याच्या मळ्याच्या कडेने बाजारात जाऊ लागले. फेरा चांगलाच लांबचा होता, पण तिथे कोणी ओणवा होऊन वाट मोजत नव्हता.

आता विणकराच्या घरी त्याची म्हातारी आई होती. तिची दृष्टी केव्हाच गेली होती. ती दिवसभर ओट्यावर बसून चाचपून चाचपून सुताच्या कांड्या भरायची आणि वाटेवरची पावले ऐकायची. तेलिणीचे पाऊल जड पडायचे. कुंभार एक टाच घासत चालायचा. माळ्याच्या आधी त्याचा खोकला यायचा. येता-जाता प्रत्येक जण ओट्यापाशी थांबायचा. तेलीण तिच्या गुडघ्यांना दोन थेंब तेल चोळून द्यायची आणि तेवढ्या वेळात सगळ्या गावाची बातमी सांगायची. कुंभार नवे मडके तिच्या हातात देऊन विचारायचा, "घाट जमलाय का, आई?" माळी तिच्या तळहातावर एक फूल ठेवून म्हणायचा, "ओळखा बघू." ती हुंगायच्या आधीच बोटांनी ओळखायची आणि हसायची.

हे सगळे बंद झाले.

पहिले काही दिवस विणकर खुशीत होता. बडबड नाही, वर्दळ नाही. रोज हातभर कापड जास्त विणून होऊ लागले. येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला तो आपल्या मागाचा खड्डा कौतुकाने दाखवायचा. खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि विणायचे, असा तो माग होता. "टेकाडाच्या पायथ्याला घर," तो सांगायचा, "पण बारा पावसाळ्यांत या खड्ड्यात थेंब आला नाही. वडिलांनी जमीनच तशी चोपली आहे."

आई रोज विचारायची, "आज माळी आला नाही का रे?" मग ती आठवड्यातून एकदा विचारू लागली. मग तिने विचारणेच सोडले. कांड्या सैल भरल्या जाऊ लागल्या आणि मागावर सूत सारखे तुटू लागले. ताटातली भाकरी अर्धी उरू लागली. होळीच्या सुमाराला तिने ओट्यावर येणे बंद केले आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. विणकर घाबरला. त्याने वैद्याला आणले. वैद्याने बराच वेळ नाडी धरली आणि म्हणाला, "औषध देण्यासारखं काही नाही. यांना काय हवं आहे, ते यांनाच विचार."

विणकर आईच्या उशाशी बसला. "आई, तुला काय पाहिजे? सांग, मी कुठूनही आणतो."

आई म्हणाली, "माझ्यासाठी लुगडं विण. अख्खं नको, नुसता पदर विण. बाकीचं निऱ्यांत जातं, ते कोणाला दिसतं?"

इतक्या दिवसांनी आई चेष्टा करते आहे असे वाटून विणकराला बरे वाटले. "अगं, विणकराच्या घरात जन्म गेला तुझा," तो म्हणाला. "नुसता पदर म्हणजे रुमाल झाला. तो काय नेसणार तू? ताण्याचा उभा धागा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अख्खा असतो, म्हणून पदराला पदर म्हणायचं."

"असं होय?" आई म्हणाली. "मग तुझ्या त्या दहा हातांचा ताणा कुठून सुरू होतो रे?"

विणकराची नजर दाराबाहेरच्या वाटेवर गेली.

"मला दिसत नाही," आई म्हणाली, "तरी मी रोज वाट पाहायचे. आता कोणाची पाहू?"

विणकर उठला. मागावर जाऊन बसला, पण धोटा हातात घ्यावासा वाटेना. शेवटी पायात वहाणा अडकवून तो त्याच वाटेने वर निघाला. वाटेवर गवत माजले होते. कुंभाराच्या घरापुढच्या वळणावर त्याला कुदळीचा आवाज आला. पाहतो तर माळी एकटाच गुडघाभर खोल चरात उभा राहून गाळ आणि गोटे बाहेर काढत होता. तो चर वाटेला आडवा जाऊन पलीकडच्या ओढ्याला मिळत होता.

"काका," विणकर म्हणाला, "या वाटेने आता कोणी जात नाही. मग हे कशाला करता?"

माळी खोकला आणि कुदळीला टेकून उभा राहिला. "माणसं जात नाहीत, पण पाणी जाईल ना. चर बुजला की सगळ्या टेकाडाचं पाणी सरळ खाली, तुझ्या मागाच्या खड्ड्यात."

विणकर त्याच्याकडे बघतच राहिला. "दरवर्षी करता तुम्ही हे?"

"तुझे वडील होते तोवर ते करायचे. ते गेल्यावर एक वर्ष मी, एक वर्ष कुंभार. दुपारची भाकरी तेलीण आणते."

"आणि मला कधी बोलला नाहीत?"

"त्यात बोलायचं काय?" माळी म्हणाला आणि पुन्हा गाळ उपसू लागला.

विणकराला लाज वाटली. पण लाजेहूनही जास्त भरून आले. बारा पावसाळे आपण कोरडे बसलो, वडिलांनी चोपलेल्या जमिनीची कौतुके सांगितली, आणि जमीन कोरडी ठेवणारे हात रोज आपल्या दारावरून जात होते. त्या हातांना आपण वाट बंद केली, तरी ते थांबले नाहीत. तो चरात उतरला. "काका, माझं फार चुकलं," म्हणाला आणि त्याने माळ्याच्या हातातली कुदळ घेतली.

दुपारी तेलीण भाकऱ्या घेऊन आली. चिखलाने माखलेला विणकर पाहून ती जागीच थांबली. "किती खणलास? विसावा भाग?"

"अख्खा," विणकर म्हणाला. "आणि पायल्या तीन नाही, चार देईन."

"तीनच दे. चौथी दिलीस तर जन्मभर ती मोजत बसशील," तेलीण म्हणाली आणि तिने सगळ्यांत मोठी भाकरी त्याच्या हातावर ठेवली. विणकराला इतकी गोड भाकरी कधी लागली नव्हती.

पाथरवट पुन्हा आला. विणकराने आठ दिवसांचे बारा दिवस काम केले आणि ते मोजले नाहीत. पावसाळ्याच्या आत दोनशे हात वाट दगडांनी बांधून झाली. चरावर एक मोठी शिळा टाकली, म्हणजे वरून माणसे जावीत आणि खालून पाणी.

वाट खुली झाली त्या सकाळी आई आपण होऊन ओट्यावर येऊन बसली. नव्या दगडांवर पावलांचे आवाज बदलले होते, त्यामुळे ती सारखी चुकत होती. कुंभाराला तेलीण म्हणाली, तेलिणीला माळी म्हणाली, आणि प्रत्येक चुकीला सगळे पोट धरून हसत होते. माळ्याने तळहातावर फूल ठेवले, ते मात्र तिने बरोबर ओळखले.

एवढ्यात वरून आणखी एक पाऊल वाजले. आईने मान कलती करून ऐकले.

"हे ओळखीचं वाटतंय," ती म्हणाली, "पण बारा वर्षांत या बाजूने येताना कधी ऐकलं नाही. कोण आहे?"

"मी आहे, आई," विणकर म्हणाला. "सगळ्यांच्या दारापर्यंत जाऊन आलो."

तात्पर्य: वाटेवर आपली पावले किती पडतात हे मोजायला बसलात, तर आपल्यासाठी किती पावले पडली तीही मोजा, मग आपला वाटा जड वाटणार नाही.