जुन्या पंपाची खूण

गोष्ट सांगा म्हणून डोकं खाल्लंत, आता गप बसून ऐका. लोखंड बोलायचं, त्या काळातली आहे. मी तेव्हा मिस्त्री होतो.

एका जीपचं इंजिन फुटलं. मी दुसरं बसवलं, डिझेलचा पंप मात्र जुनाच ठेवला. त्याच्यावर छिन्नीनं मारलेली खूण होती, पंप कुठं धरून आवळला की डिझेल वेळेवर पडतं ते दाखवणारी. तिच्यावरच तो जुन्या इंजिनाला वीस वर्षं डिझेल देत आला होता, म्हणून मीही त्याच खुणेवर आवळला.

नवं इंजिन खोकलं, पांढरा धूर ओकलं. पंपाला म्हणालं, "बाबा, डिझेल उशिरा वाढतोस."

"मी खुणेवर आहे," पंप गुरगुरला. "माझं जुनं इंजिन कधी कुरकुरलं नाही."

"ते गेलं. त्याची जेवायची वेळ वेगळी, माझी वेगळी."

जीपवाला बाळकू शेलार म्हणाला, "पंप भंगार, मिस्त्रीपण भंगार. उद्या दोघांना बदलतो."

मी पंपाचे बोल्ट सैल केले. "म्हाताऱ्या, केसभर सरक."

"खूण सोडली तर जुन्या इंजिनाचं माझ्यापाशी काय उरलं?"

"खूण अंगावर राहतेच की. तिच्यावर अडून बसू नकोस."

पंप करकरला. मग सरकला. इंजिन एका दमात चालू झालं, धूर गेला.

बाळकू शेलार जीप घेऊन गेला. चुकलो, असं त्या पंपाला नाही म्हणाला, मला तर अजून नाही.