पुंजामायची दुपारची हाक

आता जिथे बोरखडीचा एसटी थांबा आहे, तिथे नुसतं बोरीचं रान होतं, तेव्हाची ही गोष्ट. गावात साठ घरं होती आणि साठही अंगणांत कोंबड्या होत्या. शेत पुरुषाचं, बैल पुरुषाचे, पण कोंबडी बाईची. अंड्यांवर लेकराला सदरा आला, तर तो आईनं घेतलेला सदरा असे. त्या गावात पुंजाबाई नावाची बाई होऊन गेली. तिला सगळं गाव पुंजामाय म्हणायचं.

पुंजामाय सून होऊन आली, तेव्हा तिला कोंबड्यांतलं काही कळत नव्हतं. तिच्या माहेरी शेळ्या होत्या. लग्नानंतरच्या पहिल्याच वैशाखात तिची सासू भागरता लेकीकडे गेली आणि जाताना आपल्या सात कोंबड्या सुनेच्या हवाली करून गेली. दुपारी आभाळात घार फिरू लागली. पुंजा घाबरली. तिनं सातही कोंबड्या दगडी खुराड्यात कोंडल्या, तोंडाला फळी लावली, फळीला धोंडा टेकवला आणि निवांत झाली. उन्हं कलल्यावर फळी काढली, तर सातही आडव्या. चोची उघड्या, पंख पसरलेले, अंगावर जखम मात्र एकीच्याही नाही.

सासू परत आली तेव्हा पुंजा दाराआड उभी होती. आता मार बसणार, असं ती धरूनच चालली होती. भागरतानं हात उचलला नाही. खुराड्यापाशी बसली, आत हात घातला, दगड चाचपला.

"कोंबडीले घाम येत नाही, पोरी," ती म्हणाली. "ते तोंडानं निवते. तिले वारा लागते, सावली लागते, पाणी लागते. घार एक नेते. तुह्यानं सात गेल्या."

मार बसला असता तर पुंजा विसरून गेली असती. हे बोलणं ती विसरली नाही.

असं म्हणतात, की त्या दिवसापासून मृग निघेपर्यंत पुंजा दुपारची घरात बसलीच नाही. शेजारणीच्या अंगणात, कडुलिंबाच्या बुडाशी, कोंबड्यांमध्ये बसून राहायची. कोणती कधी चोच उघडते, कोणती पंख अंगापासून दूर धरते, कोणती पाण्यापाशी जाऊन न पिताच परतते, सगळं बघायची. उन्हात ठेवलेलं पाणी तापलं की कोंबडी त्याला तोंड लावत नाही, तहानेनं मरते पण लावत नाही, हे तिनं तेव्हा पाहिलं. ऐन दुपारी दाणे टाकले तर पोटात आणखी आग पडते, हेही पाहिलं. कोंबड्यांची बोली तिला त्याच उन्हाळ्यात कळू लागली, असं म्हणतात.

पुढे तिचे केस पांढरे झाले. गावातल्या बाया काखेत कोंबडी धरून तिच्याकडे येऊ लागल्या. ती कोंबडी उलटीपालटी करून बघायची. पंखाखाली उवा दिसल्या, की चुलीची राख आणि माती एकत्र करून अंगणात खड्डाभर ठेवायला सांगायची, म्हणजे कोंबड्या आपोआप लोळतात आणि उवा झडतात. अंड्याचं कवच पातळ आलं तर चुन्याचे खडे कुटून दाण्यात घालायला लावायची. उन्हानं झापडलेली कोंबडी आणली, तर तिचे पाय गार पाण्यात धरायची आणि गूळमिठाचं पाणी थेंबथेंब चोचीत सोडायची. कुणा बाईनं तिच्या अंगावर एकदम पाणी ओतलं तर मात्र त्या बाईवर ओरडायची. आणि बाजारातून नवी कोंबडी आणली, की पंधरा दिवस वेगळ्या डालग्याखाली, विणलेल्या टोपलीखाली, ठेवायची, जुन्यांत सोडायची नाही, हे तर तिनं इतक्यांदा सांगितलं होतं की लहान पोरीसुद्धा खेळताना तेच म्हणायच्या.

मग ते साल आलं. बोरखडीत त्याला अजून तव्याचं साल म्हणतात. चैत्रातच विहिरींचे तळ दिसले. वारा सुटायचा तो भट्टीतून आल्यासारखा. दुपारी मांडवावरचा कावळा उडायचा आणि उडता उडता खाली पडायचा, असं म्हणतात. घरोघरी कोंबड्या मरू लागल्या. आज या घरी दोन, उद्या त्या घरी चार.

गावाचा भगत होता सुखदेव. तो चावडीवर येऊन म्हणाला, "ही मरी हाय. मरीमाय कोपली. येत्या शनिवारी गावातली कोंबडीन् कोंबडी तिच्या ठाण्यापुढे कापा, नाहीतर आज कोंबड्या चालल्या, उद्या माणसं जातील."

दौलत पाटील गावाचा कारभारी. त्याला हे पटत होतं असं नाही, पण माणसं भ्याली होती. त्यानं पुंजामायला बोलावणं धाडलं आणि खरं काय ते बघायला सांगितलं.

पुंजामाय दोन दिवस भर दुपारी दारोदार फिरली. मेलेल्या कोंबड्या उचलून पाहिल्या, जित्या हातात घेतल्या. माना सरळ होत्या. विष्ठा हिरवी नव्हती. पाण्याची भांडी उन्हात होती आणि त्यांतलं पाणी हाताला चटका देत होतं. खुराड्यांना वारा नव्हता. मरीचं एकही लक्षण नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती चावडीवर हे सांगायला निघाली. निघण्याआधी अंगणात डोकावली, आणि तिथेच खिळली.

पाच दिवसांपूर्वी ती बाजारात गेली होती. तिथे एक कोंबडा कोपऱ्यात टाकून दिलेला होता. उन्हानं थकलाय, असं समजून तिनं तो पदराखाली घालून आणला. घरचं डालगं मोडलेलं होतं. उद्या विणते, म्हणून त्या रात्री तो तिनं आपल्या अकरा कोंबड्यांत सोडला. तो उद्या आलाच नाही. आता तोच कोंबडा अंगणाच्या मधोमध गोल गोल फिरत होता. मान पिळल्यासारखी मागे गेली होती. त्याच्या शेजारी तिची काबरी तलंग, नुकती अंड्यावर आलेली, मान खाली घालून बसली होती आणि तिच्याखाली हिरवं पाणी होतं.

पुंजामाय खाली बसली. साऱ्या गावाला शिकवलेली गोष्ट तिनं स्वतः मोडली होती. तिच्या मनात आलं, अंगण बंद करावं, कोणाला कळू देऊ नये. सांगितलं तर सुखदेव जिंकला, आणि शनिवारी साठ घरांच्या कोंबड्या जाणार. न सांगितलं तर उद्या बाया सवयीनं तिच्या अंगणात येणार आणि पायाला लावून मरी घरोघर नेणार. बसल्या जागी ती बराच वेळ काबरीकडे बघत राहिली. मग उठली, चावडीपुढे आली आणि पायरीवर पाय न ठेवता रस्त्यातच उभी राहिली.

"वर ये ना, माय," पाटील म्हणाला.

"नाही, पाटील. माह्या पायाशी मरी हाय."

पायरीवरची माणसं उठून आत सरकली.

"गावातल्या कोंबड्या उन्हानं मरतात," ती म्हणाली. "त्याइले मरी नाही. मरी हाय ते माह्या घरी. बाजारातून मीच आणली. माह्याच हातानं."

सुखदेव उठून उभा राहिला. "ऐकलं? कबूल केलं तिनं! आता तरी कापा!"

"माह्या कापा ना," पुंजामाय म्हणाली. "कापून खाऊ नका, मीच गाडते. पण गावाच्या काहून कापता? त्याइले पाणी पायजे, सुरी नाही. शनिवार सोडा, पुढचा शनिवार सोडा. दोन दिवस मी घरोघर फिरली, माह्या पायानं कुठं लागली असन तर तोवर दिसन. त्याच्या पुढच्या शनिवारपर्यंत एका घरी जरी मान वाकडी झाली, तर सारं गाव साफ करा, अन् मले वेशीबाहेर काढा."

पाटलानं थोडा विचार केला. खोटं बोलायचं असतं तर तिला घरात बसून बोलता आलं असतं, एवढं त्याला कळलं. "दिले तीन शनिवार," तो म्हणाला.

पुंजामायनं घराच्या मागे कमरेइतका खड्डा खणला. बाराही पक्षी स्वतःच्या हातांनी संपवले, त्यांच्यावर चुना आणि राख टाकून खड्डा बुजवला. काबरीला शेवटी घेतलं. अंगणातला केर जाळला. कोंबड्यांत नेसून वावरलेली लुगडी होती तीही जाळली, आंघोळ केली आणि धुतलेलं लुगडं नेसली.

पण आता अडचण अशी, की गावाला शिकवायचं तर अंगणात जावं लागणार, आणि तिला कुणाच्याही अंगणात पाय ठेवायचा नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी ती रस्त्याच्या मधोमध चालू लागली आणि मोठ्यानं हाक देऊ लागली.

"पाणी बदला वं, बायांनो! सावलीत ठेवा! खुराड्यावर ओलं पोतं टाका!"

एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत. पहिल्या दिवशी पोरं हसली. दुसऱ्या दिवशी दोनचार बाया उठल्या. चौथ्या दिवशी उन्हानं तिचा आवाज बसला, तरी ती चालली. आवाज फुटेना, तेव्हा हातातल्या काठीनं जमिनीवर ठोकत चालली. बाया काठीच्या आवाजाला उठू लागल्या.

आणि मग जे झालं ते सांगतात ते असं. नवव्या दिवशी ती येताना दिसली आणि बाकीच्या एकोणसाठ अंगणांतल्या कोंबड्या एकदमच उठल्या. कुणी हाकलल्या नाहीत, कुणी बोलावल्या नाहीत. उठल्या आणि पाण्याच्या परळांपाशी जाऊन उभ्या राहिल्या. परळातलं पाणी तापलेलं असलं तर चोचीनं परळ ठोकू लागल्या, ठक ठक ठक, बाई उठून पाणी बदलेपर्यंत. साऱ्या गावातून तो आवाज यायचा. आणि रस्त्यानं पुंजामाय चालली, की तिच्या डोक्यावर तेवढ्यापुरती सावली चालायची, आभाळात ढगाचा तुकडा नसताना, असं म्हणतात.

तिसरा शनिवार आला. पाटील स्वतः घरोघर फिरला. सुखदेव भगत त्याच्यासोबत होता. एका घरीही मान वाकडी नव्हती. नवव्या दिवसानंतर उन्हानंही कोंबडी गेली नव्हती. शेवटचं घर सुखदेवाचंच होतं. त्याच्या अंगणात त्याची बायको चंद्रभागा खुराड्यावर ओलं पोतं टाकत होती. सुखदेव आत गेला, माठातून तांब्या भरला आणि बाहेर आला.

पुंजामाय रस्त्यातच उभी होती.

"आत ये, माय. पाणी पी," तो म्हणाला.

"अजून आठ दिवस नाही यायची," ती म्हणाली.

सुखदेवानं तांब्या रस्त्याच्या कडेला ठेवला आणि चार पावलं मागे सरला. पुंजामायनं तो उचलला आणि उभ्यानं सगळा पिऊन टाकला.

त्यानंतर ती सहा उन्हाळे जगली आणि सहाही उन्हाळे दुपारची चालली. बाया कौतुक करायला आल्या, की ती म्हणायची, "माहं डालगं मोडलं होतं, ते ध्यानात ठेवा." सातव्या वैशाखात ती सकाळी गेली. गाव तिला पोचवून दुपारी परतत होतं, तर रस्त्यावर कुणी नसताना हाक ऐकू आली आणि साऱ्या गावच्या कोंबड्या पाण्याकडे चालू लागल्या, असं म्हणतात.

आता बोरखडीत विजेचे पंखे आहेत, नळ आहेत, कोंबड्यांना लस टोचायला डॉक्टर येतो. तरी चैत्री पुनवेपासून मृगापर्यंत रोज दुपारी एका घरची बाई रस्त्यानं हाक देत जाते. आज या घरची, उद्या पुढच्या घरची. ज्यांच्या घरी कोंबड्या नाहीत त्यांचीही पाळी चुकत नाही. ती कुणाच्या अंगणात पाऊल टाकत नाही, अगदी सख्ख्या बहिणीच्याही. तिला कुणी आत बोलावतही नाही. पण त्या दिवसांत बोरखडीच्या रस्त्यानं गेलात तर दिसेल, घराघरापुढे, वाटेच्या कडेला, सावली बघून एकेक भरलेला तांब्या ठेवलेला असतो.