हाकेच्या घळीतली ठकूआत्या

अंधाराला टेंभ्याशिवाय दुसरं औषध नव्हतं, त्या काळची ही गोष्ट. खापरवाडीच्या डोंगराच्या पोटात एक घळ आहे आणि घळीच्या पोटात एक तळं आहे. त्या तळ्यानं कधी सूर्य पाहिला नाही आणि त्याला कधी कुणाची दृष्ट लागली नाही, असं म्हणतात. तळ्यात आसरा राहतात, सात जणी बहिणी. लग्न झालं की नव्या जोडप्यानं आत जाऊन त्यांची ओटी भरायची, ही गावाची रीत. आणि नेणार कोण? तर ठकूआत्या.

ठकूआत्या गावचीच लेक. नवरा गेला तशी माहेरी आली. भाऊ म्हणाले, चुलीपाशी बस. ती उठली आणि घळीत जाऊन बसली! बाहेर आली तेव्हा आतला दगड न् दगड तिच्या ओळखीचा झाला होता. बाई काय वाट दाखवणार, म्हणून बाप्ये पोटभर हसले, आणि मग तिच्याच मागून मुकाट चालू लागले.

ती पुढे टेंभा घेऊन चाले आणि दाखवत जाई. "हा बघा गणपतीचा कान. हा म्हशींचा गोठा. आणि ही वरून लोंबतेय ना, ती सासूची जीभ. वाका, नाहीतर लागेल!"

तिचा नियम एकच. तळ्यावरून परत फिरताना प्रत्येकानं आपल्या मागच्याला नाव घेऊन हाक मारायची. त्यानं 'ओ' द्यायची आणि मग आपल्या मागच्याला हाक मारायची. ओळीतल्या शेवटच्यानं ओरडायचं, "ठकूआत्या!" तिनं पुढून ओ दिली की समजावं, सगळे आहेत. चुकून कुणी मागे राहिलंच, तर त्यानं जागेवर बसायचं आणि आपल्या नावाची हाक आल्याशिवाय हलायचं नाही. कारण घळ लबाड. ती नुसत्या आवाजांनी माणसाला आणखी आत ओढते.

त्या वर्षी मैना नावाची नवी सून ओळीत होती. तिच्या मागे तिचा नवरा बयाजी, आणि त्याच्या मागे धोंडू, त्याचंही लग्न ताजंच. ओटी भरून झाली. ओळ परत फिरली. बयाजी आईसाठी तळ्याचं पाणी तांब्यात भरायला वाकला आणि तिथंच राहिला; धोंडू अंधारात त्याला ओलांडून पुढे गेला. इकडे मैनाची पाळी आली. आता नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? उखाण्यात घेताना सुद्धा तिचे कान लाल झाले होते. ती हळूच म्हणाली, "अहो!"

"ओ!" धोंडूनं उत्साहानं ओ दिली. त्याला वाटलं, आपलीच बायको. हाका पुढे सरकल्या, ठकूआत्याची ओ आली, ओळ हसतखेळत उजेडात आली. मैनानं मागे वळून पाहिलं तर धोंडू उभा, दात काढून!

बयाजीचा पत्ताच नव्हता. भावांनी हाका मारल्या, मित्रांनी मारल्या, ठकूआत्यानं तर डोंगर हलेल अशी मारली. तळ्यानं सगळ्या गिळल्या. ओळीत जिची पाळी होती तिचीच हाक तळं पोचवतं, असं म्हणतात.

"मार हाक, पोरी," ठकूआत्या म्हणाली.

मैनानं घळीत तोंड घातलं. "अहो! अहो!"

"अगं, 'अहो' गावात घरटी एक आहे! नाव घे!"

तेवढ्यात सासू, सोनाई, धावत आली. "खबरदार! बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं."

"सोनाई, तुझ्या पोराचं आयुष्य आत अंधारात बसलंय," ठकूआत्या कडाडली. "ते कमी व्हायला आधी बाहेर तर येऊ दे!"

सोनाईनं पदर डोळ्यांना लावला आणि मैनाच्या पाठीवर थाप मारली. "घे गं बाई, घे. मोठ्यानं घे!"

मैनानं छाती भरून श्वास घेतला. "बयाजी!"

त्या हाकेनं तळं उजळलं, आसरांनी हातात दिवे धरले, असं म्हणतात. आतून ओ आली आणि ओच्या मागून तांब्या सांभाळत बयाजी आला. पाण्याचा थेंब सांडला नव्हता. मैनाला गोडी लागली. ती हसत, रडत, नाचत ओरडत राहिली, "बयाजी! बयाजी! बयाजी!" आणि तो दर हाकेला ओ देत राहिला. मग धोंडूची बायको ओरडली, "धोंडू!" आणि तिच्यामागून गावातली एकेक बाई. जन्मात घेतली नव्हती ती नावं त्या दिवशी डोंगरभर घुमली. बयाजी नव्वदी पार करून गेला. आयुष्य कमी होतं म्हणे!

पुढे ठकूआत्या थकली. एका सकाळी टेंभा न घेताच घळीत गेली आणि परतली नाही. आसरा सात होत्या, त्या आता आठ आहेत, असं म्हणतात.

आज टेंभे गेले, विजेऱ्या आल्या. गावच्या लेकी पाहुण्यांना घळ दाखवतात. नवऱ्याला नावानं हाक मारायची लाज वाटते तिनं बाहेर थांबावं, तिथं बसायला दगड आहे. आत गेल्यावर नावं होतात, ओ होतात, आणि शेवटचा माणूस अजून ओरडतो, "ठकूआत्या!" मग सगळे कान देऊन उभे राहतात.

नुसता प्रतिध्वनी असता, तर 'ठकूआत्या'च परत आलं असतं. पण पाण्यावरून येते ती ओ.