राजाची पाठ आणि सावरीची गादी

एका राज्यात धवलसेन नावाचा राजा होता. अंगाने उंच, चालीने ताठ. त्याची राणी कुंदमाला. तिला एकच खोड, दिसेल त्याचं कारण विचारायची. मुंग्या रांगेतच का जातात? हत्तीचे कान गार का लागतात? पुजाऱ्यापासून माहुतापर्यंत सगळे तिला लांबून पाहिलं की वाट बदलायचे.

राजाच्या खजिन्यात एक गादी होती, पणजोबांनी लढाईत जिंकून आणलेली. जरीची खोळ, मोत्यांचे गोंडे, आत हंसांची पिसं. तमाल नावाच्या मांत्रिकाने ती शिवलेली. धवलसेनाला राज्याभिषेक झाला, त्या दिवशी बापाआजाच्या रीतीप्रमाणे ती पलंगावर घातली. राजा आडवा झाला. लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. सकाळी उठला तो कमरेवर हात ठेवून. मग रोज थोडा थोडा वाकत गेला. श्रावणात तो समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघायचा, भाद्रपदात त्याच्या जोड्यांकडे बघू लागला.

मग एके दिवशी तमाल दरबारात आला. वय किती ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं, पण पाठ बांबूसारखी सरळ.

तो म्हणाला, "राजा, तुझी पाठ वाकते तशी माझी सरळ होते. तुझ्या बापाची घेतली, आजाची घेतली. आता तुझी. दसऱ्याला राजाने ताठ उभं राहून वेशीवरच्या नगाऱ्याला टिपरू मारायचं, ही तुमची रीत. सूर्य मावळेपर्यंत तुला जमलं नाही, तर टिपरू मी मारीन. मग राज्य माझं."

राजा म्हणाला, "गादी जाळून टाका."

जाळायला घेतली, जाळ लागेना. फाडायला घेतली, सुरी वाकली. दुसऱ्या पलंगावर राजा निजला, तरी पाठ काही सरळ होईना.

तमाल हसला. "ज्या गादीवर राजा निजेल आणि कोणी न उठवता सुखाने जागा होईल, अशी गादी शोधा. त्या घडीला माझ्या गादीची शिवण उसवेल आणि तुझी पाठ सुटेल. तुमच्या राज्यात ती कोणाला सापडायची नाही."

असं तो का म्हणाला, ते ऐका. त्या राज्यात राजाच्या अंथरुणाला राजाआधी दुसऱ्या कोणाची पाठ लागत नसे. आणि राजाने तरी कारागिराच्या ओसरीवर आडवं कसं व्हायचं? म्हणून गादी पारखायला एक करपारखी नेमलेला. नाव लवाजी. तळहात टेकवून कापूस कुठल्या शेतातला ते सांगायचा, आणि त्याचं सांगणं कधी खोटं निघालं नव्हतं.

लवाजी निघाला. डोंगरमाथ्यावरचे पिंजारी ढग पिंजून गादी भरायचे. त्याने हात टेकवला, तो कोपरापर्यंत आत गेला. "वा! हिच्याहून मऊ काही नाही." गादी आणली. राजा निजला आणि दिसेनासा झाला. चौघांनी हात घालून बाहेर काढला, तो पहिल्याहून वाकडा.

लवाजी पुन्हा निघाला. एका तपस्व्याची गादी होती, सागाची फळी आणि वर बोटभर लोकर. मूठ आपटली, मूठच दुखली. "वा! हिच्याहून भक्कम काही नाही." गादी आणली. राजा निजला. खांदा काळानिळा, खुबा काळानिळा, डोळ्याला डोळा नाही.

दसरा जवळ आला. राणी विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसली. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणींची घरटी लोंबत होती. एका नराने नवं घरटं विणलं होतं. मादी आली, आत शिरली, फिरली, बाहेर आली.

"नको," मादी म्हणाली.

"अगं, नको काय? वीण तर बघ बाहेरून!"

"बाहेर राहायचंय का मला?"

राणीने मान वर केली. "बाई गं, आत जाऊन तू काय केलंस?"

सुगरण म्हणाली, "बसले. कूस बदलली. वारा आला तेव्हा झोका कसा बसतो ते पाहिलं. घर बघायचं म्हणजे आणखी काय करायचं? तुम्ही माणसं नुसता बाहेरून पंख टेकवता आणि लगेच अंडी घालता का?"

राणी म्हणाली, "निजून बघता येईल अशी गादी कुठे मिळेल?"

"सावरीच्या वनात शाल्मली यक्षिणी राहते, तिच्याकडे. पण ती विचारते फार. तुझ्यासारखीच."

राणी सावरीच्या वनात गेली. झाडांच्या बुंध्यांना काटेच काटे. राणी जवळ आली तसे काटे बाजूला झाले. आत यक्षिणी कापूस वेचत बसली होती. केस पांढरे, की केसांत कापूस, ते कळत नव्हतं.

"राजासाठी गादी हवी? मग तीन गोष्टी सांग. राजा कोणत्या कुशीवर निजतो? निजल्यावर त्याच्या अंगाचा भार कुठे कुठे पडतो? आणि गादीवर तो एकटाच असतो का?"

जन्मभर तिने दुसऱ्यांना विचारलं. आज कोणी तिला विचारलं, तर उत्तर येईना.

"रोज शेजारी निजतेस ना?"

"निजते. पण बघितलं नाही."

"मग बघून ये."

राणी परत आली. नदीची बारीक वाळू मागवली, महालात पसरवली, वर धोतर अंथरलं. दुपारचं जेवण झालं. म्हणाली, "महाराज, आजची वामकुक्षी इथे."

राजा म्हणाला, "राणी, राजाला वाळूत लोळवतेस?"

"गाढव वाळूत लोळतं, महाराज, आणि ताठ उठतं."

राजाला हसू आलं. हसताना पाठ दुखली. पण तो निजला. राणी उशाशी बसून बघत राहिली. राजा आधी उताणा होता, मग डाव्या कुशीवर वळला, आणि डावीवरच राहिला. तो उठल्यावर राणीने धोतर हळूच उचललं. वाळूत खांद्याचा एक खड्डा, खुब्याचा एक खड्डा. कमरेपाशी मात्र वाळू तशीच सपाट. तिथे राजाची कमर अधांतरी राहिली होती.

राणी ते कितीतरी वेळ बघत बसली. इतकी वर्षं शेजारी निजलेल्या माणसाला आपण आज पहिल्यांदा पाहिलं, असं तिला वाटलं.

यक्षिणीपुढे जाऊन ती म्हणाली, "डाव्या कुशीवर. भार खांद्यावर आणि खुब्यावर. कमर अधांतरी. आणि एकटा नसतो, मी असते. तो वळला की मी त्याच्या अंगावर घरंगळते."

यक्षिणी खदखदून हसली. "शेवटचं कोणी सांगत नाही गं! सगळ्या म्हणतात, आम्हाला काही त्रास नाही."

मग तिने गादी करायला घेतली. खाली नारळाचा काथ्या, दाबला तरी पुन्हा वर येणारा. वर सावरीचा कापूस, खांदा आणि खुबा थोडे आत जातील इतकाच. कमरेपाशी कापूस ठासून भरला आणि टाके जवळजवळ घातले, म्हणजे तिथे गादीने उचलून धरावं. मधोमध एक उभी शिवण, म्हणजे एक वळला तर दुसरा घरंगळू नये.

"घेऊन जा. पण निजून बघितल्याशिवाय पसंत म्हणू नकोस."

तोवर दसरा उजाडून दुपार टळली होती. यक्षिणीने फुंकर घातली. राणी गादीवर बसली, गादी वाऱ्यावर बसली, आणि दोघी वेशीपाशी नगाऱ्याजवळ उतरल्या. तिथे सगळं नगर जमलेलं. राजा काठी टेकून उभा, नाक गुडघ्यांशी. तमाल हातात टिपरू घेऊन तयार.

लवाजी पुढे झाला. तळहात टेकवला. पुन्हा टेकवला. "राणीसाहेब, ही मऊ नाही, कडकही नाही. माझ्या हाताला हिचं काहीच कळत नाही."

"हाताने निजायचं नाही, लवाजी."

असं म्हणून राणी सगळ्यांदेखत गादीवर आडवी झाली. पुरोहित ओरडले, "रीत मोडली! राजाआधी राणीची पाठ लागली!"

"पुरोहितबुवा, या बाजूला मीच निजणार आहे. ती कशी आहे हे मला कळायला नको?" राणीने कूस बदलली. घरंगळली नाही. उठून म्हणाली, "या महाराज."

राजा लाजला. प्रजेसमोर राजा कधी निजला होता? पण राणीने हात धरला. तो डाव्या कुशीवर झाला. खांदा आत गेला, खुबा आत गेला, कमरेला खालून कोणीतरी हात दिल्यासारखं वाटलं. "आहाहा," असं राजा म्हणाला, आणि त्याला झोप लागली.

सूर्य खाली येऊ लागला. राजा घोरू लागला.

सेनापती म्हणाला, "राणीसाहेब, महाराजांना उठवा! सूर्य तटाला टेकला!"

"कोणी हात लावायचा नाही," राणी म्हणाली. "उठवलं की संपलं सगळं." ती स्वतःच उशाशी राखण बसली.

अर्धा सूर्य तटामागे गेला. तमालाने टिपरू उचललं. नगरातली बाळंसुद्धा रडायची थांबली.

तेवढ्यात राजाने डोळे उघडले. जांभई दिली. कमरेवर हात न ठेवता उठला, उभा राहिला, आणि उठता उठता उंच होत गेला. त्याने तमालाच्या हातातलं टिपरू काढून घेतलं आणि नगाऱ्यावर घातलं. उरलेला सूर्य तो आवाज ऐकूनच मावळला.

तिकडे महालात जुन्या गादीची शिवण टरटर उसवली. आत पिसं नव्हती. आत झोपा होत्या, तिने पिढ्यान्‌पिढ्या गिळलेल्या. त्या पाखरांसारख्या थव्याने बाहेर आल्या आणि वेशीवर येऊन घिरट्या घालू लागल्या. त्यांचे धनी कधीच गेले होते. मग ज्याचे डोळे दमलेले दिसले, त्याच्यावर त्या उतरल्या. पहारेकऱ्यावर एक, तान्ह्याच्या आईवर एक, लवाजीवर एक.

तमाल पाहता पाहता वाकला, अगदी जमिनीपर्यंत. राणीने त्याच्याजवळ बसून विचारलं, "तू शिवलेल्या गादीवर तू स्वतः कधी निजलास?"

तमाल म्हणाला, "नाही. मी कधी कशावरच निजलो नाही. भीती वाटायची, कोणीतरी माझी पाठ घेईल."

थव्यातली शेवटची झोप अजून वर फिरत होती. राणीने हाताने तिला खाली बोलावलं आणि म्हाताऱ्याच्या पापण्यांवर ठेवली. तो नगाऱ्याच्या पायथ्याशी अंग मुडपून निजला. राजाने आपला शेला त्याच्यावर घातला.

तेव्हापासून त्या राज्यात गादीवाल्याच्या ओसरीवर गिऱ्हाईक आधी निजून बघतं. नवरा-बायको दोघं जातात, आपापल्या कुशीवर होतात, आणि कोणी हसत नाही. राजाला त्याची झोप लाभली, राणीला तिची जागा लाभली. ऐकणाऱ्यांनो, तुम्हालाही तशीच लाभो.